रान मोकळे आहे तोवर मातीतील कीटकनाशकांचा धोका तपासून घ्यावा

पीक निघाल्यापासून पुढच्या पेरणीपर्यंत जे थोडे आठवडे मिळतात, ते मातीतील कीटकनाशकांच्या अवशेषांची तपासणी करून घेण्यासाठी सर्वांत सोयीचे असतात. जुनी बाग काढलेली जमीन, वर्षानुवर्षे फवारणी झालेले शेत, आणि जिथे आता भाजीपाला, कोंबड्या किंवा राहते घर येणार आहे अशी जागा, या ठिकाणी ही तपासणी टाळू नये. नेहमीच्या माती परीक्षणात सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश कळतात. अवशेष कळत नाहीत. त्यांची मागणी वेगळी करावी लागते, आणि कोणती औषधे शोधायची हेही प्रयोगशाळेला सांगावे लागते.

म्हणून पहिले काम जमिनीचा इतिहास गोळा करण्याचे. आधी कसणाऱ्यांना विचारून कोणत्या पिकावर काय फवारले, ते लिहून काढावे. डीडीटी हे जुने कीटकनाशक मातीत निम्मे व्हायला साधारण २ ते १५ वर्षे लागतात, त्यामुळे फार जुनी फवारणीही या यादीत यायला हवी. आल्ड्रिन या कीटकनाशकाचे मातीत डिल्ड्रिन हे दुसरे रसायन होते, तेव्हा फवारलेले नाव आणि अहवालातील नाव एकच असेल असे नाही. जुन्या फळबागांत लेड आर्सेनेट हे शिसे आणि आर्सेनिक असलेले कीटकनाशक वापरले असेल तर ही दोन्हीही तपासावीत, कारण ही मूलद्रव्ये कुजून नाहीशी होत नाहीत.

सर्वाधिक चुका नमुना घेताना होतात. औषध कालवण्याची जागा, पंप धुण्याची जागा आणि औषधांच्या खोलीसमोरचे अंगण येथे अवशेष शेतापेक्षा कितीतरी जास्त असू शकतात. ही माती शेताच्या नमुन्यात मिसळली तर शेत उगाच दूषित दिसते आणि खरी धोक्याची जागा सरासरीत लपून जाते. तिचा नमुना स्वतंत्रच द्यावा. पिकासाठी १५ ते २० सेंटिमीटर खोलीची माती घ्यावी. मात्र मुले खेळतात किंवा कोंबड्या चरतात तिथे वरची ५ सेंटिमीटर माती वेगळी घ्यावी, कारण हाताला, तोंडाला आणि चोचीला लागते ती हीच. नमुना उन्हात वाळवू नये. तो स्वच्छ काचेच्या बरणीत भरून, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवून लवकरात लवकर पोहोचवावा.

अहवालातील आकडा म्हणजे धोका नव्हे. ती माती कोणाच्या शरीरात, कोणत्या वाटेने आणि किती जाते यावर धोका ठरतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हिशेबात १५ किलो वजनाचे लहान मूल दिवसाला २०० मिलिग्रॅम माती गिळते असे धरण्याची पद्धत रूढ झाली. मातीत दर किलोला ५ मिलिग्रॅम औषध असेल तर मुलाच्या पोटात रोज ०.००१ मिलिग्रॅम, म्हणजे वजनाच्या दर किलोला सुमारे ०.००००६७ मिलिग्रॅम जाते. त्याच संस्थेची रोजची संदर्भ मात्रा, म्हणजे आयुष्यभर रोज पोटात गेली तरी अपाय होणार नाही असे मानलेली मात्रा, डीडीटीसाठी दर किलो वजनाला ०.०००५ आणि डिल्ड्रिनसाठी ०.००००५ मिलिग्रॅम आहे. पोटात जाणाऱ्या मात्रेला या संदर्भ मात्रेने भागल्यास भागाकार डीडीटीसाठी ०.१३ येतो, तर डिल्ड्रिनसाठी १.३. भागाकार १ च्या वर गेला की काळजी घेणे भाग असते. तीच डिल्ड्रिनची माती ७० किलोच्या माणसाने रोज १०० मिलिग्रॅम गिळली तरी भागाकार ०.१४ च राहतो. म्हणून हिशेब नेहमी घरातील सर्वांत लहान मुलापासून सुरू करावा. हे गणित माती गिळण्यापुरतेच आहे. कर्करोगाचा धोका वेगळ्या रीतीने काढतात, आणि धूळ, त्वचा, विहिरीचे पाणी व अन्न या वाटा त्यात मिळवाव्या लागतात.

त्यातली अन्नाची वाट मला सर्वांत दुर्लक्षित वाटते. कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक आणि ग्वाडेलूप या फ्रान्सच्या बेटांवर केळीवरील सोंडकिड्यासाठी १९७२ ते १९९३ या काळात क्लोर्डेकोन हे कीटकनाशक वापरले गेले. वापर थांबून दशके लोटली तरी तिथल्या कंदमुळांत आणि मोकळ्या कोंबड्यांच्या अंड्यांत ते सापडते. कोंबडी दाण्याबरोबर माती गिळते आणि मातीतील अशी औषधे अंड्याच्या बलकात उतरतात. भोपळावर्गीय वेलींची मुळे डीडीटीचे अवशेष आणि डिल्ड्रिन विशेष शोषून घेतात, तर गाजरात ते बहुतांशी सालीत राहतात.

हिशेब काळजीचा निघाला तर त्या तुकड्यात वेलवर्गीय भाज्या आणि कंदमुळे घेऊ नयेत, कोंबड्या बंदिस्त ठेवाव्यात, उघड्या जमिनीवर गवत वाढवून धूळ थांबवावी, आणि शेतातून आल्यावर जेवण्याआधी हात धुऊन कामाचे कपडे वेगळे धुवावेत. सेंद्रिय खताने अवशेष मातीला घट्ट धरले जातात, ते नाहीसे होत नाहीत. त्यामुळे खत घातल्यावरही पिकाचा नमुना तपासावा. पंप धुण्याच्या जागेवरील माती खरवडून शेतात पसरू नये. ती जागा झाकून, कुंपण घालून मुलांपासून आणि जनावरांपासून दूर ठेवावी, आणि जवळ विहीर असेल तर तिचे पाणी तपासून येईपर्यंत पिण्यासाठी वापरू नये.