कोर्टाची तारीख चुकली? वॉरंट निघालंय का बघा
चेक बाउन्सच्या केसमधे तारखेला गेला नाहीत तर वॉरंट निघू शकतं, आणि ते आपोआप संपत नाही, कोर्ट रद्द करेपर्यंत किंवा पोलीस बजावेपर्यंत चालूच राहतं. मोबाईलवर ईकोर्ट्स अ‍ॅप उघडा, १६ अक्षरी सीएनआर, म्हणजे केसचा ओळख नंबर, टाका (गोव्याचा GA ने सुरू होतो), नसेल तर उत्तर किंवा दक्षिण गोवा निवडून नाव आणि वर्ष. केस हिस्टरीतली तारीख दाबली की त्या दिवसाचं कामकाज दिसतं, तिथे एनबीडब्ल्यू (NBW) लिहिलेलं असेल तर ते अजामीनपात्र वॉरंट. भावाचं असंच सापडलं, दुसऱ्याच दिवशी वकिलाला घेऊन म्हापसा कोर्टात रद्द करायचा अर्ज टाकला. एंट्री कधीकधी उशिरा चढते हो, म्हणून शंका असेल तर वकिलाला फाईल बघायला सांगा.