प्रश्न विचारायला बाहेर पडण्याआधी

पुण्यातल्या एखाद्या अभ्यासगटाला किंवा महाविद्यालयाच्या राज्यशास्त्र विभागाला शहरात जनमत पाहणी करायची असेल, तर फॉर्म छापायला टाकण्याआधी एक कागद लिहायला घ्यावा. निकालासोबत पाहणीची जी माहिती जाहीर करायची असते, तिचा हा कागद. वर्ल्ड असोसिएशन फॉर पब्लिक ओपिनियन रिसर्च, थोडक्यात वेपॉर, ही जनमत संशोधकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९४७ पासून आहे आणि तिच्या आचारसंहितेत या माहितीला फार महत्त्व आहे. पाहणी कोणी केली, पैसे कोणी दिले, कोणाची मतं मोजायची होती, माणसं कशी निवडली, किती भेटली, कोणत्या तारखांना, समोरासमोर की फोनवर, प्रश्न नेमके कसे विचारले, आकड्यांना भार दिला असेल, म्हणजे कमी भेटलेल्या गटाची उत्तरं जास्त धरली असतील, तर कोणत्या हिशोबाने. काम उरकल्यावर हा कागद भरायला बसलं की निम्म्या रकान्यांत काहीतरी मोघम लिहावं लागतं. आधी भरायला घेतला की पुढची सगळी तयारी त्यातूनच निघते.

पैशांचा रकाना पहिल्या बैठकीतच भरून टाका. नगरसेवकपदाचा इच्छुक खर्च उचलणार असेल तर त्याचं नाव छापलं जाईल, हे त्याला आधी सांगा. पुष्कळदा तिथेच विषय संपतो, आणि संपलेला बरा.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो ‘कोणाची मतं’ या रकान्याला. ‘पुणेकर’ असं लिहून भागत नाही. पुणे लोकसभा मतदारसंघात वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. हडपसर शिरूरमध्ये जातं आणि खडकवासला बारामतीत. सिंहगड रस्त्यावर पिढीभर राहिलेला माणूस स्वतःला पुणेकरच म्हणवतो, पण त्याचा खासदार वेगळा. पालिकेची हद्द धरावी तर त्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली, त्यातली दोन २०२४ मध्ये पुन्हा बाहेर गेली, आणि पिंपरी-चिंचवडची पालिका स्वतंत्र आहे. यातलं काय घ्यायचं ते प्रश्नावर ठरतं: पाण्याबद्दल विचारायचं असेल तर पालिकेची हद्द, खासदाराबद्दल असेल तर मतदारसंघ. ठरवा आणि एका वाक्यात लिहा.

मग यादी. आपल्याकडे सॅम्पल काढायला हाताशी असलेली सर्वात चांगली यादी म्हणजे मतदारयादी. आधी बूथ चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे, मग त्या बूथच्या यादीतून ठरावीक अंतराने नावं उचलायची. पण यादीचे दोष पुण्यात ठळक दिसतात. पेठेतला वाडा पडून तिथे इमारत उभी राहिली, कुटुंब कधीच कोथरूडला गेलं, नावं मात्र कसब्यातच. उलट विमाननगरला भाड्याने राहणारी, आयटीत काम करणारी मुलं शहरात वर्षानुवर्षं असतात आणि यादीत नसतात. मतदारांचं मत हवं असेल तर हे चालवून घेता येतं. रहिवाशांचं हवं असेल तर घरोघरी जाऊन निवड करावी लागते. अशा वेळी ‘ज्याचा वाढदिवस नुकताच झाला तो’ हा परदेशी पुस्तकांतला सोपा नियम वापरू नका. घरातल्या निम्म्या ज्येष्ठांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरची १ जून असते. त्यापेक्षा घरातल्या प्रौढांची यादी करून तक्त्यावरून एक निवडणारी, संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांची पद्धत बरी.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकून हजारो उत्तरं मिळतील, हा मोह आवरा. अमेरिकेत १९३६ मध्ये लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाने २० लाखांहून जास्त मतपत्रिका गोळा केल्या, अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्टविरुद्ध लँडन जिंकणार म्हणून जाहीर केलं, आणि ४८ पैकी ४६ राज्यं रूझवेल्टनी घेतली. आकडा मोठा असला तरी निवडच तिरकी होती.

सॅम्पल किती, याचा हिशोब कागदावर करा. सरसकट चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १,००० जणांमागे चुकीची मर्यादा, म्हणजे खरा आकडा किती मागेपुढे असू शकतो ते, सुमारे ३ टक्के धरतात. आपण मात्र ५० बूथवर प्रत्येकी २० जण घेतो, आणि एका बूथचे लोक एकमेकांसारखे असतात. हे साम्य ० (अजिबात नाही) ते १ (सगळे सारखे) असं मोजतात; ते फार नाही, ०.०५ धरलं, तरी त्या हजारांचं वजन सरसकट निवडलेल्या ५१० जणांच्या आसपास उतरतं आणि मर्यादा ४ च्या वर जाते. त्यामुळे एका बूथवरचे कमी करून बूथ वाढवा. फिरण्याचा खर्च वाढतो, पण पैसा घालायचा तर इथेच घालावा.

प्रश्नावली आधी चाळीसेक जणांवर करून पाहा, आणि ते आपल्या ओळखीचे नकोत. ‘मेट्रो आणि रस्त्यांबद्दल समाधानी आहात का’ असा जोडप्रश्न तिथेच उघडा पडतो. पालिकेच्या कारभाराचा प्रश्न पाणीकपातीच्या प्रश्नाआधी ठेवा. नंतर ठेवलात तर रागच मोजाल. मत कोणाला दिलं हे तोंडी विचारू नका. दिल्लीच्या सीएसडीएस संस्थेतल्या लोकनीती या गटाच्या पाहण्यांत नकली मतपत्रिका आणि पेटी देतात, तसं करा. शेजारी सासू किंवा नवरा बसलेला असताना त्या पेटीची किंमत कळते.

तारखा कॅलेंडर उघडून ठरवा. गणपतीचे दहा दिवस, पालखी शहरात मुक्कामाला असते ते दिवस आणि दिवाळी सोडा. दुपारी एक ते चार दार वाजवू नका. विनोद म्हणून नव्हे, त्या वेळी आलेला नकार कायमचा असतो. सोसायट्यांच्या सेक्रेटरींना आठवडाभर आधी पत्र द्या, नाहीतर वॉचमन गेटवरूनच परत पाठवेल. इन्व्हेस्टिगेटर जोडीने पाठवा, शक्यतो जोडीत एक मुलगी असावी, आणि गळ्यात ओळखपत्र हवंच.

निवडलेला माणूस भेटला नाही तर शेजारच्याला विचारायचं नाही, हे प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा सांगा. तीन वेळा जायचं, वेगवेगळ्या वेळी, आणि दर वेळी काय झालं ते नोंदवायचं: कुलूप, नकार, स्थलांतर, मृत्यू. वेपॉरची अमेरिकी भावंड-संस्था आपोर हिने या नोंदींसाठी प्रमाण व्याख्या केल्या आहेत. वेपॉरही त्याच मानते. प्रतिसादाचं प्रमाण त्यावरूनच काढायचं. ते कमी आलं तरी छापायचं.

निवडणूक जवळ असेल तर लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम १२६अ वाचून ठेवा; मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्यानंतर अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोलवर बंदी असते. नाव-पत्त्याचा कागद उत्तरांच्या फॉर्मपासून पहिल्याच संध्याकाळी वेगळा करा आणि वेगळ्या कपाटात ठेवा. दहातल्या एका फॉर्मचा बॅक चेक, म्हणजे मुलाखत खरंच झाली का याची फेरतपासणी, दुसऱ्याच दिवशी फोनवरून घ्या. तो करणारा माणूस फील्डवर न गेलेला असावा.