छोट्या लग्नात हॅमर डल्सिमर वाजवायला वादक बोलावताय? या चुका टाळा

समलंब चौकोनाच्या आकाराची सपाट पेटी, तिच्यावर जोडीजोडीने ताणलेल्या धातूच्या तारा आणि वादकाच्या हातांत दोन हलक्या लाकडी हातोड्या. हॅमर डल्सिमर हे आपल्या ओळखीच्या संतूरच्याच कुळातलं. तीस-चाळीस पाहुण्यांच्या लग्नाला हे वाद्य फार शोभतं, आवाज बोलण्याच्या आड न येता सगळ्यांपर्यंत पोचतो. गडबड होते ती वेगळ्याच ठिकाणी. तारीख, मानधन, गाण्यांची यादी सगळं फोनवर ठरतं. वाद्य कुठे ठेवायचं आणि ते सुरात लावायला किती वेळ लागेल, हे मात्र कुणी विचारत नाही.

नाव तेच, वाद्य भलतंच

'डल्सिमर' नावाची दोन वाद्यं आहेत. दुसरं, म्हणजे माउंटन किंवा ॲपलेशियन डल्सिमर, हे मांडीवर घेऊन छेडायचं असतं, त्याला बहुधा तीन-चार तारा असतात आणि आवाज बराच नाजूक. वादकाच्या माहितीत नुसतं 'डल्सिमर' लिहिलेलं असेल तर व्हिडिओ मागवा. तोही स्टुडिओतला नको, एखाद्या समारंभात सलग चित्रित केलेला हवा. स्टुडिओत गुंज वाढवता येते आणि चुका कापता येतात.

वाद्य लावायला वेळच न ठेवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. नेहमीच्या वापरातल्या एका मापाच्या डल्सिमरवर एका घोडीवर (तारांना आधार देणाऱ्या उभ्या पट्टीवर) पंधरा आणि दुसरीवर चौदा जोड्या असतात, म्हणजे 58 तारा. जोडीतली एक तार जराशी जरी उतरली, तरी स्वर थरथरल्यासारखा ऐकू येतो. त्यातच पंधरा जोड्यांची घोडी तारांना अशा जागी आधार देते की तिच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे स्वर वाजतात, त्यांच्यात षड्ज-पंचमाचं अंतर असतं. म्हणजे तिथली एक तार हलली की दोन स्वर बिघडतात.

म्हणून वादक 'तासभर आधी येतो' म्हणाला तर त्याला अर्धा तास करायला सांगू नका. आणि तो तासही शांत हवा. खुर्च्या सरकतायत, कुणी माइकवर 'हॅलो हॅलो' करतंय, बाजूला डीजे आवाज तपासतोय, अशात 58 तारा जुळवणं म्हणजे वादकाची परीक्षा पाहणं. डीजेची तपासणी आधी उरकून घ्या.

विधी एकीकडे आणि जेवण दुसरीकडे असेल, तर वाद्य हलवण्याची आणि पुन्हा लावण्याची वेळ वेगळी धरा. ती नसेल तर सरळ एकाच जागेसाठी वादक बोलवा. दोन्हीकडे ओढाताण करण्यापेक्षा ते बरं.

'झाडाखाली बसवू' म्हणताना

ऊन तारांवर पडलं की धातू प्रसरण पावतो आणि तारा उतरतात. हवेत दमटपणा वाढला की लाकूड फुगतं आणि स्वर चढतात. एकाच दुपारी दोन्ही होऊ शकतं, म्हणजे सकाळी छान लागलेलं वाद्य मुहूर्ताला बेसूर. सावली बघायची ती विधीच्या वेळेची. पाहणी सकाळी अकराला केली आणि लग्न संध्याकाळी पाचला असेल तर त्या पाहणीचा उपयोग नाही. वर छप्पर, पायाखाली सपाट घट्ट जमीन, आणि वाद्य, स्टँड व वादकाच्या कोपरांना पुरेल इतकी मोकळी जागा द्या. पाऊस आला तर वाद्य कुठे न्यायचं, हे लेखी ठरवा. भिजलेल्या वाद्यावर कुणी वाजवणार नाही, आणि तसा आग्रहही धरू नये.

'कुठलंही गाणं वाजवता येईल ना?'

नाही, येत नाही. बहुतेक डल्सिमरवर बारा स्वर सगळ्या सप्तकांत नसतात. हार्मोनियमच्या हिशेबाने पांढरी एक, दोन, पाच, सहा या पट्ट्या साधारण सोयीच्या. गाणाऱ्या मैत्रिणीची पट्टी काळी चार निघाली, तर सगळं वाद्य अर्ध्या स्वराने चढवणं हा ऐन वेळचा उपाय नव्हे. तिने पांढरी पाचमध्ये गायचं, किंवा सगळे बारा स्वर असलेलं क्रोमॅटिक डल्सिमर वाजवणारा वादक शोधायचा. नवं गाणं बसवून हवं असेल तर ते काही आठवडे आधी द्या आणि त्या कामाचे पैसे वेगळे विचारा. माझं मत विचाराल तर खास फर्माइश एकच ठेवावी, बाकी वादकाच्या हातात बसलेलं वाजू द्यावं.

चालण्याची लांबी आणि थांबण्याची खूण

छोट्या लग्नात वधूचं चालणं अर्ध्या मिनिटात संपतं आणि गाणं चार मिनिटांचं असतं. वादकाला अंतर आधी दाखवा, म्हणजे तो तेवढाच तुकडा फिरवून फिरवून वाजवेल. 'थांब'ची खूण करणारा माणूस एकच असावा आणि तो वादकाला दिसेल असा उभा असावा. शिवाय बऱ्याच डल्सिमरना आवाज दाबणारं पेडल नसतं. शेवटचा ठोका पडल्यावरही तारा काही क्षण घुमत राहतात. बोलणाऱ्याने तेवढं थांबावं.

ऐन वेळी काही बिघडलं तर

माइक शिट्टी मारायला लागला तर आधी स्पीकरची जागा बघा: तो वाद्याच्या पुढे आणि पाहुण्यांकडे तोंड करून हवा. वाद्याच्या लाकडाला चिकटवलेला पिकअप, म्हणजे कंपनं टिपणारा छोटा माइक, असेल तर त्याचा आवाज थोडा कमी केल्यानेही भागतं. बंद खोलीत तीस माणसांसाठी मुळात माइक लागतोच असं नाही.

आवाज टोचतोय अशी कुरकुर आली, तर हातोडीची चामडं किंवा फेल्ट लावलेली बाजू वापरायला सांगा. सगळे स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होत असतील तर संथ आणि कमी स्वरांची धून मागा. आणि वादन नसतानाही वाद्य गुणगुणत असेल, तर बाजूच्या स्पीकरने तारा झंकारताहेत. वादकाला तारांवर एक जाड कापड पसरायला सांगा.