ग्वाल्हेरच्या थंडीत सायकलिंगला काय घालायचं

जानेवारीत पहाटे शहरातल्या लष्कर भागातून तिघरा धरणाकडे निघायचं तर पारा कधीकधी 5 अंशांच्याही खाली असतो, पण म्हणून एकच जाड स्वेटर चढवू नका, पातळ तीन थर घाला. सगळ्यात महत्त्वाचा आतला, तो सुती नकोच, सुती बनियन घाम धरून ठेवतं आणि किल्ल्याचा चढ चढून उतरायला लागलात की तेच ओलं कापड वाऱ्यात अंग गार करतं, त्यापेक्षा पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचं, अंगाला चिकटून बसणारं घ्या. मध्ये हलकं फ्लीस, म्हणजे मऊ, उबदार कापडाचं जॅकेट. वर विंडचीटर, पुढे चेन असलेलाच, म्हणजे चढावर उघडता येतो. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, पेडल मारलं की अंग तापतंच. हातमोजे, कानटोपी हवीच. आणि धुकं असलं तर वरचा थर भडक रंगाचा, रिफ्लेक्टर पट्टीवाला घाला, प्लीज.