हातातल्या ड्रिलने लाकडात सरळ भोक कसं पाडायचं

माठाचं स्टँड असो, स्टुलाचा पाय असो की दाराची कडी, भोक तिरपं गेलं की पुढचं सगळं फिटिंग बिघडते. ५० मिमी जाड लाकडात ड्रिल फक्त १ अंश कललं तरी भोक पलीकडून पाऊण मिमीहून जास्त सरकून निघते, ३ अंशाला अडीच मिमीच्या वर, आणि ३ अंश नुसत्या डोळ्याला पटकन कळत पण नाहीत. म्हणून नजरेला ताडून पाहायला शेजारी काहीतरी काटकोनात उभं पाहिजे, आणि पहिले ५-६ मिमी एकदम सावकाश, कारण तेवढं खोल गेलं की बिट (ड्रिलच्या पुढे लावतात तो भोक पाडणारा दांडा) त्याच वाटेनं जाते, मग मधातच ड्रिल सरळ करायला गेलं की भोक लंबगोल होते नाही तर बारीक बिट कडकन तुटते.

आधी बिट पाहा. लाकडात भोक पाडायच्या बिटाला मधे टोक राहते आणि कडेला धार, ते टोक खुणेत बसते म्हणून बिट घसरत नाही, लोखंडात भोक पाडायचं बिट मात्र सुरुवातीलाच पळते. नागपूरच्या इतवारीत लोहा ओळीकडे गेलात तर लाकडाचंच पाहिजे असं स्पष्ट सांगा. वाकडं आहे काय ते काचेवर गोल फिरवून पाहा, आणि चक, म्हणजे ड्रिलचा बिट धरणारा जबडा, घट्ट करताना चावी तिन्ही छिद्रांत लावा, एकाच छिद्रात नको. मग ड्रिल हवेत चालवून पाहायचं, टोक डगमगत असेल तर बिट काढून परत बसवा.

आता लाकूड. आपल्याकडे आलापल्ली-बल्लारपूरचा सागवान, त्याच्या प्रत्येक वलयात एक पट्टा मोठ्या छिद्रांचा, मऊ आणि त्याला लागून दुसरा घट्ट, बिट मऊ बाजूला ओढलं जाते. गाठीजवळ तर जास्तच. म्हणून टोच्याने खूण चांगली खोल करा, पेन्सिलच्या फुलीवर भरवसा नको.

मुख्य काम गुण्याचं, म्हणजे काटकोन तपासायच्या अवजाराचं. लाकूड क्लॅम्पने टेबलाला पक्कं करा, गुण्या बिटापासून बोटभर अंतरावर उभा ठेवा, आणि बिटाची कड गुण्याच्या पात्याला समांतर दिसते काय ते पाहा. भल्याभल्यांचं चुकते ते इथे, समोरून पाहिलं तर डावीकडे-उजवीकडे कललेलं दिसते, पण ड्रिल तुमच्याकडे झुकलं असेल तर ते दिसतच नाही. त्यासाठी बाजूला दुसरा गुण्या लावा आणि घरातल्या कोणाला तरी बाजूने पाहायला बसवा, पोरंसोरं हे काम मस्त करतात, फक्त जरा लांब बसवा.

एकटे असाल तर जुनी सीडी घ्या. चमकती बाजू वर, मधल्या छिद्रातून बिट खुणेवर टेकवा, ड्रिल बंदच ठेवून सीडीत पडलेलं बिटाचं प्रतिबिंब पाहा, बिट आणि प्रतिबिंब मिळून एक सरळ रेघ दिसली तर त्या दिशेनं ठीक, मोडल्यासारखी दिसली तर कललं. मग डोकं बाजूला नेऊन पाव फेरा फिरून परत पाहायचं, एकाच जागेवरून पाहून भागत नाही.

एकाच मापाची भरपूर भोकं असतील तर ठोकळा बनवून घ्या. लकडगंजात आरामशीनवर कडक लाकडाचे उरलेले तुकडे मिळतात, दीड-दोन इंच जाडीचा तुकडा खालून रंधून सपाट करा आणि ज्याच्याकडे उभी ड्रिल मशीन आहे त्याच्याकडून त्यात सरळ भोक मारून आणा. तो ठोकळा खुणेवर क्लॅम्प करायचा की बिट आपोआप सरळ उतरते. मशीन मिळत नसेल तर दोन छोट्या फळ्या काटकोनात चिकटवा, गुण्याने तपासून, त्यांच्या आतल्या कोपऱ्यात बिट हलकं टेकलं की दोन्ही दिशा सांभाळल्या जातात आणि कोणत्याही मापाचं बिट चालते.

उभ्या फळीत आडवं भोक पाडायचं तर लांब बिटाच्या गुळगुळीत दांडीवर एक सैल वायसर घाला. वायसर पुढे सरकला तर टोक खाली गेलंय, मागे आला तर वर. डावं-उजवं मात्र गुण्यानेच पाहावं लागते. कोपर ड्रिलच्या अगदी मागे सरळ रेषेत ठेवा, खांद्यातून दाब द्या.

हातानं फिरवायचं गिरमिट असेल तर चार-पाच फेऱ्यांनी थांबून गुण्या लावत जा, वेग कमी असल्यामुळे सुधारायला वेळ मिळतो, पहिल्यांदा शिकणाऱ्याला मी तेच देईन. विजेच्या ड्रिलला मोठ्या बिटावर वेग कमी ठेवा, मधे-मधे बिट बाहेर काढून भुसा झाडा, अडकलेल्या भुशानं बिट तापते आणि धूर निघते. चष्मा घाला, हातमोजे नको, ओढणी-बांगड्या दूर.

आरपार जायचं असेल तर बिटाचं टोक पलीकडे जरासं डोकावलं की थांबा, लाकूड उलटं करा आणि त्या टोकाच्या खुणेवरून उरलेलं भोक दुसऱ्या बाजूने पाडा, म्हणजे कडेच्या चिपा उडत नाहीत. उलटं करता येत नसेल तर खाली टाकाऊ फळीचा तुकडा दाबून क्लॅम्प करा.