घरी जोडायच्या कॉम्प्युटरसाठी मदरबोर्ड आणि एसएमपीएस कसा निवडावा

असेंबल्ड कॉम्प्युटरचं कोटेशन मागितलं की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची नावं पूर्ण लिहून मिळतात. मदरबोर्डपुढे (सगळे भाग ज्यावर जोडतात तो मुख्य बोर्ड) मात्र बऱ्याचदा नुसतं 'बी७६०' असतं आणि एसएमपीएसपुढे (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) '५०० वॉट'. दुकानदार भावात कसर काढतो ती याच दोन ओळींत. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या की ऑनलाइन, या दोन्हींची कंपनी आणि मॉडेल शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घ्या आणि मगच पुढचं बोला.

१. आधी प्रोसेसर, मग बोर्ड

एएमडी रायझनचे ७०००, ८००० आणि ९००० मालिकेतले डेस्कटॉप प्रोसेसर एएम५ सॉकेटमध्ये (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) बसतात. इंटेलच्या १२, १३ आणि १४ व्या पिढीला एलजीए १७०० लागतं, कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१. तीन-चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलायचा बेत असेल तर एएम५ घ्या. हे सॉकेट निदान २०२७ पर्यंत चालू ठेवू, असं एएमडीने जाहीर केलं आहे.

रॅमचा घोळ होतो तो एलजीए १७०० मध्ये. एकाच बी७६० चिपसेटचे (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) काही बोर्ड डीडीआर४ रॅम घेतात, काही डीडीआर५. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची रॅम बसतच नाही, आणि फोडलेलं पाकीट दुकानदार सहसा परत घेत नाही. मॉडेलच्या शेवटी 'डी४' असेल तर तो डीडीआर४चा बोर्ड. एएम५ आणि एलजीए १८५१ वर हा प्रश्न नाही, तिथे फक्त डीडीआर५ चालते.

इंटेल प्रोसेसरच्या नावाला 'एफ' जोडलेला असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड नसेल तर बोर्डावरचं एचडीएमआय शोभेपुरतंच.

२. चिपसेटवर किती खर्च करायचा

बहुतेक घरांसाठी मधली पायरी पुरते: एएमडीकडे बी६५० किंवा बी८५०, इंटेलकडे बी७६०. एच६१० स्वस्त पडतो, पण त्यावर रॅमचं एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील जास्त गतीने चालवायची सोय, चालत नाही. वेगवान रॅम घेतली तरी ती प्रोसेसरच्या ठरलेल्या गतीनेच चालते. झेड७९० चे जादा पैसे नावाच्या शेवटी 'के' असलेला प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणाऱ्यांनी, म्हणजे ठरलेल्या गतीपेक्षा जोरात चालवणाऱ्यांनी द्यावेत. आरजीबी दिव्यांसाठी तर मुळीच देऊ नयेत.

पाहायचं असतं ते व्हीआरएम, म्हणजे सॉकेटच्या डावीकडे आणि वर असलेल्या चौकोनी कॉइल्सची रांग. एसएमपीएसचे १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या साधारण एक-सव्वा व्होल्टवर इथे उतरतात. आय५-१२४०० जास्तीत जास्त ११७ वॉट ओढतो, त्याला साधा बोर्ड चालतो. आय७-१४७००के २५३ वॉटपर्यंत जातो. हीटसिंक नसलेल्या बोर्डावर तो लावला की व्हीआरएम तापतं, बोर्ड वीज आखडती घेतो आणि महागडा प्रोसेसर अर्ध्या गतीने चालतो. लोक मग प्रोसेसरचा कूलर बदलत बसतात.

आता कंपनीच्या साइटवरून मॅन्युअलची पीडीएफ उतरवा. त्यात एम.२ स्लॉटचं (एसएसडी थेट बोर्डावर बसवायची जागा) पान शोधा. काही बोर्डांवर दुसऱ्या एम.२ मध्ये एसएसडी लावली की एखाद-दोन साटा पोर्ट (हार्ड डिस्कची केबल लावायची जागा) बंद पडतात, आणि जुनी हार्ड डिस्क 'अचानक गायब' होते. कॅबिनेटचं मापही बघा: एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४, मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०.

३. बायोसचं विसरू नका

बी६५० बोर्ड २०२२ मध्ये आले, रायझन ९००० मालिका २०२४ मध्ये. दुकानात पडून असलेल्या जुन्या बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखू येत नाही; पंखे फिरतात, स्क्रीन काळी राहते. दुकानदाराकडून बायोस (बोर्डातलं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या, नाहीतर घरीच ते करता यावं म्हणून बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड निवडा. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नेमकं नाव द्यायचं, खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्येच लावायचा, २४ पिनी आणि ८ पिनी केबल जोडायच्या आणि बटण दाबून धरायचं. दिवा मिचमिचायचा थांबेपर्यंत वीज बंद करायची नाही.

४. किती वॉट?

रायझन ५ ७६०० जास्तीत जास्त ८८ वॉट घेतो, आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॉट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५०-६० धरा. बेरीज २६० च्या आसपास. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते आणि तो पुरेसा आहे. ८५० वॉटचा घेतल्याने बिल वाढेल, वेग नाही. मोठ्या कार्डांचं गणित वेगळं असतं: ३२० वॉटचं आरटीएक्स ३०८० क्षणभरासाठी त्याहून बरंच जास्त ओढतं. बेताचा एसएमपीएस तेव्हा स्वतःला बंद करून घेतो, आणि ऐन गेममध्ये कॉम्प्युटर पुन्हा सुरू होतो. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात असे झटके सोसण्याची अट घातलेली आहे.

५. स्टिकर वाचा, खोका नव्हे

एसएमपीएसच्या अंगावरच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढचे अँपिअर शोधा आणि १२ ने गुणा. खोक्यावर '४५०' आणि तक्त्यात २८ अँपिअर असतील तर तो कामाचा ३३६ वॉटचाच. उरलेले वॉट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवलेले असतात, आणि आजच्या मशीनला ते फारसे लागत नाहीत. चांगल्या ५५० वॉटवर ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॉट दिसतात.

८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड ही खूण वीज किती वाया जाते एवढंच सांगते. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या लोडवर ब्राँझला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के कार्यक्षमता लागते. संरक्षणाचं तिथे काहीच कळत नाही. जास्त करंट, जास्त व्होल्टेज, शॉर्ट सर्किट आणि तापमान अशी चारही संरक्षणं कंपनीने लिहिलेली हवीत, आणि वॉरंटी निदान पाच वर्षांची. मागे ११५/२३० चा लाल स्विच असेल तर ते जुनं डिझाइन समजा आणि सोडून द्या. कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएससुद्धा. मदरबोर्डात पैसे वाचवायला हरकत नाही, इथे नको: हलक्या दर्जाचा एसएमपीएस जळताना एकटा जळेलच असं नाही.

ग्राफिक्स कार्डाची ८ पिनी केबल ६+२ अशी फुटते, प्रोसेसरची ४+४ अशी. त्या एकमेकींच्या जागी ठोसू नका. मॉड्यूलर (केबल काढता-लावता येणारा) एसएमपीएस असेल तर त्याच्याच केबल वापरा. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम ठरलेला नाही. जुन्या केबलने ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क संपली. नव्या मोठ्या कार्डांचा १६ पिनी कनेक्टर पूर्ण आत गेल्याची खात्री करा, अर्धवट बसलेले कनेक्टर वितळले आहेत.

६. घरची वीज

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर एसएमपीएस बदलू नका. त्याच्या फिल्टरमधून बॉडीवर येणारा किंचित करंट अर्थिंगने जायला हवा. अर्थिंग नसलं की तो तुमच्यातून जातो. वायरमनला पॉइंट दाखवा. ६०० व्हीए यूपीएस म्हणजे ६०० वॉट नव्हे, बहुतेकांवर ३६० वॉट छापलेले असतात. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो साइन वेव्ह हवा आणि 'यूपीएस' मोडवर. वीज गेली की पूर्ण लोडवर एसएमपीएसचा कपॅसिटर १६-१७ मिलीसेकंद तग धरतो, नॉर्मल मोडवर इन्व्हर्टरला बॅटरीवर जायला त्याहून जास्त वेळ लागतो.

७. कॅबिनेटमध्ये घालण्याआधी

दुकानातच सॉकेटच्या पिना तिरक्या उजेडात बघा. सॉकेटवरची प्लास्टिकची टोपी जपून ठेवा, वॉरंटीला ती मागतात. घरी बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम आणि एसएमपीएस एवढंच जोडा; दोन रॅम असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर क्षणभर टेकवला की मशीन सुरू होतं. एएम५ बोर्ड पहिल्या वेळी रॅमची जुळवणी करायला काही मिनिटं घेतो आणि तोवर स्क्रीन काळीच राहते. घाबरून वीज बंद केली की जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.