काओरची बाटली उघडताना

काओर ही नैऋत्य फ्रान्समध्ये लोत नदीच्या वळणांवर पिकणाऱ्या द्राक्षांची गडद, जवळजवळ काळी रेड वाइन. नियमानुसार तिच्यात किमान 70 टक्के मालबेक जातीची द्राक्षं लागतात; उरलेली भर मेर्लो आणि ताना या जातींची. अधिकृत दर्जा 1971 सालचा. नदीकाठच्या वाळू-गोट्यांच्या जमिनीतली वाइन मऊ, लवकर पिण्याजोगी; वरच्या चुनखडी पठारावरची कडक आणि जास्त टिकणारी. त्यामुळे विकत घेताना बागा कुठे आहेत हे आधी विचारा.

तरुण बाटली डिकँटरमध्ये (रुंद पोटाच्या काचेच्या सुरईत) ओतून एक-दोन तास ठेवा. नुसतं बूच काढून ठेवल्याने काही साधत नाही, कारण अरुंद मानेतून हवा फारशी आत जात नाही. जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. मग सावकाश ओता आणि गाळ मानेपाशी आला की थांबा. जुनीला मात्र तासन् तास उघडी ठेवू नका, वास उडून जातो.

तापमान 16 ते 18 अंश. फार थंड दिली तर टॅनिन (द्राक्षाच्या सालीतला तुरट घटक) जिभेला आवळतं, गरम दिली तर अल्कोहोलच पुढे येतं. ग्लास एक तृतीयांशच भरा.

सोबतीला बदकाचं कॉन्फी (चरबीत मंद शिजवलेलं मांस) किंवा कासुले (मांस आणि पांढऱ्या बीन्सचा रस्सा) उत्तम, कारण चरबी आणि प्रथिनं टॅनिनची धार बोथट करतात. केर्सीचं (काओरच्या आसपासच्या प्रदेशातलं) कोकरूही छान जमतं. नाजूक मासे टाळा, तोंडात धातूची चव येते. तिखटही नको, टॅनिन त्याची आग वाढवतं.